‘अल्ब्युमिन : निल’ वाचून निर्धास्त होऊ नका

लघवीच्या साध्या रिपोर्टवर एक ओळ हमखास असते: ‘अल्ब्युमिन : निल’. शुगरचा पेशंट ती ओळ वाचतो, नाहीतर मुलाकडून वाचून घेतो, आणि किडनी ठणठणीत आहे असं समजून रिपोर्ट पिशवीत टाकतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन. त्या ओळीचा खरा अर्थ इतकाच, की लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीला दिसेल इतकं अल्ब्युमिन लघवीत सापडलं नाही. पट्टीला ते दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याआधी कित्येक वर्षं ते थोडं थोडं झिरपत असतं, आणि उपचाराला सगळ्यात जास्त यश येतं ते त्याच वर्षांमध्ये.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त घ्यायचं, मशीनवर लावायचं, आकडा छापून द्यायचा आणि त्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगायचा, अशी रीत आहे. पण ओपीडीत रांग दारापर्यंत आलेली असते. डॉक्टरांना एकेकाला दोन-तीन मिनिटांच्या वर देता येत नाहीत, आणि मग प्रश्न आमच्या खिडकीवर येतो. “ताई, शुगर तं एकशे तीसच आली. मंग डाक्टर लघवी कायले तपासाले सांगते?” प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र खिडकीवर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

शुगर वाढली की तहान लागते, गळून गेल्यासारखं होतं, रात्री लघवीला उठावं लागतं. हे त्रास गोळ्यांनी कमी होतात आणि माणसाला वाटतं, आजार आटोक्यात आला. पण शुगरने नजर जाते, डायलिसिस लागतं, हार्ट अटॅक किंवा लकवा येतो, पाय कापावा लागतो, त्या सगळ्याच्या मुळाशी रक्तवाहिन्या असतात. बोटातून किंवा दंडातून काढलेल्या रक्तातली साखर ही त्या घटकेची गोष्ट आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींची वर्षानुवर्षं काय अवस्था झाली, हे तिच्यावरून कळत नाही. त्याची खबर काही प्रथिनांकडून मिळते. त्यातली दोन, साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, अगदी साधी आहेत आणि आपल्या आवाक्यातली आहेत.

शुगर हा शहरातल्या बसून राहणाऱ्यांचा आजार, ही समजूत आता सोडायला हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि खेड्यांमधलं प्रमाणही प्रौढांमध्ये जवळपास ९ टक्के आहे. वावरात राबणारा, अंगाने बारीक माणूस शुगरचा असू शकतो आणि असतो.

साखर प्रथिनाला चिकटते, तिथून सुरुवात होते

ग्लुकोज रक्तातून फिरताना वाटेत भेटणाऱ्या प्रथिनांना चिकटतं. त्यासाठी शरीराला वेगळं काही करावं लागत नाही. साखर जितकी जास्त आणि जितका काळ जास्त, तितकं चिकटणं जास्त. सुरुवातीला हा जोड कच्चा असतो, सुटू शकतो. पुढे तो पक्का होतो आणि मग ते प्रथिन कायमचं बदलतं.

आता प्रथिनं दोन तऱ्हेची. काही रक्तात वाहणारी असतात. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन पेशीबरोबर साधारण १२० दिवस जगतं. यकृत तयार करतं ते अल्ब्युमिन दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी बदलून जातं. त्यांना साखर चिकटली तरी ती जातात आणि नवी येतात. पण रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलॅजेन वर्षानुवर्षं तेच राहतं. त्याला चिकटलेली साखर तिथेच मुरते, कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडले जातात, भिंत जाड आणि कडक होते. शिवाय भिंतीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं नाजूक अस्तर असतं. रक्त गुठळी न होता वाहतं ठेवणं, वाहिनी गरजेप्रमाणे सैल करणं, काय बाहेर जाऊ द्यायचं आणि काय नाही ते ठरवणं, ही सगळी कामं त्या अस्तराची. साखरेने ते अस्तर आजारी पडतं.

पहिला फटका सगळ्यात बारीक वाहिन्यांना बसतो. संत्र्याच्या बागेत ज्यांचं ठिबक आहे त्यांना हे चटकन कळेल. विहिरीच्या पाण्यात क्षार असले तर मोटार नीट चालते, मेन लाइनला प्रेशर असतं, पण बारीक ड्रिपर एकेक करून बंद पडत जातात, आणि झाड सुकायला लागल्यावरच आपल्या ध्यानात येतं. शरीरातल्या सगळ्यात बारीक वाहिन्यांतून तांबडी पेशी जेमतेम अंग चोरून जाते, इतक्या त्या अरुंद असतात. डोळ्याचा पडदा, किडनीच्या गाळण्या आणि पायाच्या नसांना रक्त पुरवणारं जाळं अशाच वाहिन्यांचं असतं. हृदय, मेंदू आणि पायाच्या मोठ्या वाहिन्यांमध्ये चरबीचे थर साचतात, तेही साखरेमुळे लवकर आणि जास्त.

एचबीएवनसी, आणि आपल्या भागातली एक मोठी अडचण

साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन म्हणजे एचबीएवनसी. तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल रहबर यांना १९६८ मध्ये मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात दिसलं. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब देतो. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, ८ टक्के म्हणजे १८३, ९ टक्के म्हणजे २१२. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद करून किंवा रात्री उपाशी राहून तो सुधारत नाही.

भिंतींचं नुकसान याच्याशी बांधलेलं आहे, हे दोन मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलं. लहान वयात होणाऱ्या मधुमेहावरचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास १९९३ मध्ये आला. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. मोठ्या वयातल्या मधुमेहावरचा ब्रिटनमधला अभ्यास १९९८ मध्ये आला. त्यातल्या माहितीवरून पुढे दिसलं, की एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असेल तर बारीक वाहिन्यांचे आजार सुमारे ३७ टक्क्यांनी कमी असतात. अमेरिका-कॅनडातल्या पेशंटवर पुढेही लक्ष ठेवलं गेलं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी आधीची वर्षं चांगली गेलेल्यांना फायदा मिळतच राहिला. “आता तर शुगर नॉर्मल आहे, मग हे डोळ्याचं कुठून आलं?” असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते: भिंतीला मागची वर्षंही लक्षात असतात.

आता विदर्भाची अडचण. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, हिमोग्लोबिन भरपूर सापडतं. ज्याला आई आणि वडील दोन्ही बाजूंनी सिकलसेल आलेलं आहे, म्हणजे एसएस, त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच जगतात. साखर चिकटायला त्यांना वेळच मिळत नाही. शिवाय एचबीएवनसी ज्या हिमोग्लोबिनवर मोजतात ते मूळ हिमोग्लोबिन ए त्याच्याकडे नसतंच. म्हणजे अशा माणसाचा एचबीएवनसी ५ आला तरी साखर २५० असू शकते. तो आकडा वापरूच नये. एएस, म्हणजे फक्त वाहक असलेल्याच्या बाबतीत बऱ्याच नव्या मशीन चालतात, काही मशीनवर मात्र घोळ होतो, आणि चालत असल्या तरी आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसू शकतो. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, स्वतःची तपासणी झाली असेल, तर रक्त देतानाच सांगा. पुष्कळ लोक ते लपवतात, सोयरिकीच्या वेळी अडचण नको म्हणून. लॅबमध्ये आणि डॉक्टरांसमोर ते कृपा करून लपवू नका. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

दुसरी गोष्ट रक्त कमी असण्याची, जी आपल्याकडच्या बायांमध्ये घरोघरी आहे. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर साखर तीच असली तरी खाली येतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी तो भरवशाचा राहत नाही. म्हणून हिमोग्लोबिन ७-८ असलेल्या मावशींचा एचबीएवनसी एकट्याने वाचायचा नाही. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वारंवार बघावी लागते. फ्रुक्टोसामीन ही तपासणीही आहे. ती साखर चिकटलेलं अल्ब्युमिन आणि रक्तातली इतर प्रथिनं मोजते, मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी देते, आणि तांबड्या पेशींवर अवलंबून नसते. ती तालुक्याला सहसा होत नाही, सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं.

जाता जाता शिबिरांबद्दल. गावात शिबिर झालं, साध्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं, ते दुपारच्या उन्हात मोटरसायकलवरून तालुक्याला आलं, तर वाटेत तांबड्या पेशी ट्यूबमधली साखर खात असतात. ताशी ५ ते ७ टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. १५० असलेली साखर तीन तासांनी १२५ च्या घरात दिसते आणि पेशंट खूश होऊन घरी जातो. त्यासाठी करड्या झाकणाची, आत फ्लोराइड असलेली ट्यूब असते. साखरेचं रक्त कोणत्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतायत, हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एचबीएवनसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्याला प्रवासाची इतकी बाधा होत नाही आणि उपाशीही राहावं लागत नाही.

लघवीतलं अल्ब्युमिन काय सांगतं

अल्ब्युमिन हे रक्तातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. एका डेसिलिटर रक्तात साडेतीन ते पाच ग्रॅम असतं. पाणी वाहिनीच्या आत धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि इतक्या उलाढालीतून निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी अल्ब्युमिन उतरतं. इतकी ती गाळणी घट्ट असते. प्रत्येक किडनीत अशा सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक वाहिन्यांचा एक गुंता.

साखरेने या वाहिन्यांचं अस्तर बिघडतं, त्याखालचा पडदा जाड होतो पण घट्टपणा गमावतो, बाहेरून त्याला धरून ठेवणाऱ्या पेशी गळतात. त्यात आतला दाब वाढलेला. मग अल्ब्युमिन थोडं थोडं निसटायला लागतं. या टप्प्यावर दुखत नाही, सूज नसते, लघवी स्वच्छ दिसते, रक्तातलं क्रिॲटिनीन (किडनीच्या कामाचा नेहमी बघतात तो आकडा) नॉर्मल असतं. फेस यायला लागतो किंवा पायावर सूज येते ती फार पुढे.

हे थोडंसं अल्ब्युमिन मोजायची पद्धत लंडनच्या हॅरी कीन यांनी १९६३ मध्ये मांडली. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेनसेन यांनी दाखवलं, की मोठ्या वयातल्या मधुमेहींच्या लघवीत असं किंचित अल्ब्युमिन असेल तर पुढे किडनीचा आजार बळावतो, आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. ते मृत्यू मुख्यतः हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे. १९८९ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्याचा अर्थ लावला: किडनीची गाळणी झिरपते आहे याचा अर्थ सगळ्या शरीरातलं अस्तर बिघडलेलं आहे. किडनीत ते लघवीवाटे बाहेर दिसतं, डोळ्यात आणि हृदयात दिसत नाही, एवढाच फरक. मला ही सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. छातीत तार न घालता, सुई न टोचता, डबीभर लघवीतून आपल्याला सगळ्या वाहिन्यांचा अंदाज मिळतो आणि तरीही ही तपासणी फार थोड्या लोकांची होते.

तिचं नाव लघवीची एसीआर. अल्ब्युमिनला क्रिॲटिनीनने भागतात. भागायचं कारण असं: मे महिन्यात, ४५ डिग्रीत दिवस काढलेल्या माणसाची लघवी दाट असते, आणि लॅबच्या बाहेर बसून दोन लोटे पाणी प्यायलेल्याची पातळ. नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर पहिल्याचं उगाच जास्त येईल, दुसऱ्याचं उगाच कमी. क्रिॲटिनीनही त्याच प्रमाणात दाट-पातळ होतं, म्हणून भागाकार खरा उतरतो. ३० च्या आत ठीक. ३० ते ३०० म्हणजे झिरपणं सुरू झालंय. ३०० च्या वर म्हणजे गाळणीचं मोठं नुकसान. साधी पट्टी जेमतेम या वरच्या टोकाला रंग बदलते, मधला सगळा पट्टा तिच्या नजरेतून सुटतो. म्हणून ‘निल’ लिहिलेल्या रिपोर्टच्या माणसाची एसीआर १४० येते, आणि आमच्याकडे अशी उदाहरणं नेहमीची आहेत.

सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं दिलं तर उत्तम. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, पाळी सुरू असेल तेव्हा देऊ नका, आकडा फसवा येतो. आदल्या दिवशी सोयाबीनची सोंगणी केली असेल किंवा दिवसभर कापसाचे गाठोडे वाहिले असतील, तर एक दिवस थांबून या, कारण जड मेहनतीनेही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. आणि एकदा जास्त आलं म्हणून घाबरून जायचं नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा जास्त आलं तरच ते खरं धरतात. मोठ्या वयातल्या मधुमेहात ही तपासणी आजार कळला त्याच वेळी आणि पुढे दर वर्षी करायची. आजार कळण्याआधीच काही वर्षं साखर वाढलेली असते, म्हणून पहिल्या दिवसापासून.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. “लघवीतून प्रथिनं चालली” हे ऐकून काही लोक वरण खाणं सोडतात, आणि काही लोक भरून काढायला म्हणून प्रोटीन पावडरचा डबा आणतात. दोन्ही चूक. झिरपणारं अल्ब्युमिन मिलिग्रॅममध्ये असतं, ते भरून काढायची गरज नाही, आणि पावडरने किडनीवर भार वाढतो. किडनीवर परिणाम झाला असेल तर वजनाच्या किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिन, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ४४ ग्रॅम, इतकं साधारण सांगतात. तुरीचं वरण, हरभरा, दही, अंडं नेहमीसारखं चालतं. तोडायचं ते मीठ: लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या.

क्रिॲटिनीन नॉर्मल आलं तरी

रक्तातलं क्रिॲटिनीन हे प्रथिन नव्हे, स्नायूंच्या कामातून उरलेला कचरा आहे. म्हणून ते स्नायूंवर अवलंबून असतं. १.२ हा आकडा २५ वर्षांच्या गड्याचा असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता साधारण ८६ निघते. तोच १.२ पासष्टीच्या आजीचा असेल तर ५० च्या आसपास, म्हणजे निम्म्याच्या जवळ. रिपोर्टवर मात्र दोघांच्याही आकड्यासमोर ‘नॉर्मल’ छापलेलं असू शकतं. म्हणून क्रिॲटिनीनबरोबर ईजीएफआर, म्हणजे हाच गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, मागा. तो वय आणि लिंग धरून काढतात आणि त्याला वेगळं रक्त लागत नाही.

आपल्याकडचा शेतमजूर बारीक असतो, अंगावर मांस कमी, त्यामुळे त्याचं क्रिॲटिनीन मुळातच कमी दिसतं आणि ईजीएफआरही खऱ्यापेक्षा चांगला येऊ शकतो. इथे सिस्टॅटिन सी नावाचं छोटं प्रथिन उपयोगी पडतं. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू कमी-जास्त असल्याने ते फारसं हलत नाही. थायरॉईडचा आजार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मात्र हलतं. तपासणी महाग आहे, सगळ्यांना लागत नाही. शंका असेल तेव्हा डॉक्टर सांगतील.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे तिथे, किडनीचा कुठलाही त्रास पाण्यावर ढकलायची सवय आहे. पाण्याचा प्रश्न खरा आणि जुना आहे, तो सुटलाच पाहिजे. पण शुगर असलेल्या माणसाने पाण्याला दोष देऊन एसीआर करायचं टाळू नये.

बाकीची प्रथिनं

शहरातल्या मोठ्या लॅबच्या पॅकेजमध्ये एचएस-सीआरपी असतं. सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह असला की यकृत ते सोडतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मंद दाह असतो, म्हणून बारकाईने मोजलेलं सीआरपी (तेच एचएस-सीआरपी) १ च्या खाली असेल तर धोका कमी, ३ च्या वर असेल तर जास्त, असा हिशोब आहे. पण दाढ दुखत असली, पायात काटा पिकला असला, नुकता ताप येऊन गेला असला तरी ते चढतं. खर्रा खाऊन हिरड्या सुजलेल्या माणसाचं सीआरपी वाढलेलं असेल तर त्यातून हृदयाबद्दल काय समजायचं? त्याला आधी खर्रा सोडायला सांगायचं, कारण तंबाखू स्वतःच त्याच अस्तराचं नुकसान करते.

फायब्रिनोजेन गुठळी बांधतं. पीएआय-१ गुठळी विरघळू देत नाही. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर जखमी अस्तरातून बाहेर पडतो. मधुमेहात ही तिन्ही वाढलेली आढळतात आणि अटॅक का येतो हे समजायला त्यांची मदत होते. रोजच्या उपचारात त्यांच्या आकड्याने काही बदलत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

संशोधन मात्र वेगाने चाललंय. बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १९४ प्रथिनं तपासून त्यातली १७ अशी शोधली, जी वाढलेली असतील तर पुढच्या काही वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका जास्त असतो. त्यातली पुष्कळशी दाहाशी संबंधित आहेत. याच घराण्यातली टीएनएफआर-१ आणि २, आणि जखमी किडनीतून येणारं किम-१, अशी तीन प्रथिनं आणि पेशंटची इतर माहिती मिळून धोका सांगणाऱ्या एका तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये परवानगी दिली. हे सगळं आशादायक आहे. आपल्या तालुक्याला ते यायला वेळ लागेल, आणि आलं तरी एसीआर आणि ईजीएफआर ज्याने कधी केलेच नाहीत त्याला त्याचा उपयोग नाही.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. डोळ्याच्या पडद्यावर काय चाललंय हे कुठलंही प्रथिन सांगत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करून किंवा कॅमेऱ्याने पडदा दर वर्षी बघावाच लागतो, नजर स्वच्छ असली तरी. पायाचंही तसंच. नसा बधिर झालेला माणूस पऱ्हाटीच्या खुंटावर पाय देतो आणि त्याला कळत नाही, रात्री चप्पल काढल्यावर रक्त दिसतं. पाय हाताने तपासायचा, तळवा रोज बघायचा, आणि वावरात बंद बूट घालून जायचं.

आकडा जास्त आला तर

झिरपणं सुरुवातीला थांबवता येतं, पुष्कळांचं परतही फिरतं. साखर आणि बीपी आटोक्यात ठेवणं हा पाया. त्याबरोबर डॉक्टर टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा एनालाप्रिल यांसारखी गोळी देतात. “मले बीपी नाही तं बीपीची गोळी काहून?” हा प्रश्न मी फार वेळा ऐकते आणि लोक ती गोळी बंद करतात हेही बघते. ती गोळी गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते, आतला दाब उतरतो आणि अल्ब्युमिन कमी झिरपतं. २००१ च्या मोठ्या अभ्यासांत या गटातल्या औषधांनी किडनी निकामी होणं लांबलं. सुरू केल्यावर क्रिॲटिनीन थोडं वाढू शकतं, ते अपेक्षित असतं. म्हणूनच दोन-चार आठवड्यांत क्रिॲटिनीन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायला सांगतात, ती चिठ्ठी टाळू नका. पोटात बाळ असेल किंवा राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी चालत नाही, आधी सांगा.

दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनचा. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या या गोळ्या किडनी आणि हृदय दोन्ही वाचवतात असं २०१५ पासूनच्या अभ्यासांत दिसलं. २०२० च्या एका अभ्यासात डापाग्लिफ्लोझिनने किडनी मोठ्या प्रमाणात खराब होणं किंवा किडनीच्या वा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येणं हे ३९ टक्क्यांनी कमी झालं. पेटंट संपल्यामुळे दोन्ही औषधं आता बऱ्याच कंपन्यांची, स्वस्तात मिळतात. महाग म्हणून पूर्वी नको म्हटलं असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी मागून रोज खाणं मात्र थांबवा. फवारणीच्या, वेचणीच्या दिवसांत ती बऱ्याच जणांच्या खिशात असते. झिरपणाऱ्या किडनीला ती सरळ मार देते.

लॅबच्या खिडकीवर शब्द असे वापरा: “लघवीची एसीआर, रक्तातलं क्रिॲटिनीन ईजीएफआरसकट, आणि एचबीएवनसी.” ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात या तपासण्या होतात का ते आधी विचारा, खाजगीत केल्या तरी मोठ्या पॅकेजपेक्षा खर्च कमी येतो. जुने रिपोर्ट फेकू नका. मागच्या वर्षी ४० आणि यंदा ११० हे डॉक्टरांना एकट्या ११० पेक्षा पुष्कळ जास्त सांगतं. आणि उलट्या-जुलाब झाले, कडक उपास असला, किंवा उन्हाने अंगातलं पाणी आटलं, तर त्या दिवशी वरच्या दोन्ही गटांतल्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायच्या की थांबवायच्या, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. ही विचारपूस उन्हाळा लागायच्या आधीच करून ठेवलेली बरी.